मोतिया कोटाच्या बाह्या

३ एप्रिल

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आणि तिथे दूध न्यायला येणारी माणसं कान टवकारून बसलेली. माझ्या कपड्यांची चर्चा मला त्यांच्या किटल्यांबरोबर घरोघर पाठवायची नाहीये.

तर बातमी अशी की पशुवैद्यकीय कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलंय! याच महिन्याच्या शेवटी. लेखी परीक्षेत मी पास झाले, हे बाबांना अजून खरं वाटत नाही. ते कागद उजेडात धरून बघतात.

आता प्रश्न असा की घालू काय? कागदावर नुसतं 'नीटनेटका पोशाख' लिहिलंय. आई म्हणते, मोरपंखी ड्रेस घाल, त्यात तू उठून दिसतेस. बाबा म्हणतात, अंगभर काहीतरी घाल आणि बूट पुसून जा. मैत्रिणीची बहीण उंच टाचांच्या सँडल घालून गेली होती, तिला घेतलं नाही, पण ते टाचांमुळे की कशामुळे ते तिलाही ठाऊक नाही. तू वकील, शिवाय तुमच्या लॉ कॉलेजात मुलाखती घ्यायला बसतेस. तूच सांग. मी डोळे मिटून ऐकेन.

ढगी गाय गाभण आहे, त्याच सुमाराला व्यायची. सारखी माझ्या अंगाला अंग घासत असते.

तुझी,
मुंगी

•

९ एप्रिल

लाडके मुंगे,

आधी शाब्बास! दादाला म्हणावं, तो कागद आता खाली ठेव, खरा आहे तो.

मोरपंखी ड्रेस कपाटात. वहिनीला राग आला तर येऊ दे, मी समजावते. उठून दिसायला तू काही लग्नाला चाललेली नाहीस. मुलाखतीला गेलेल्या पोरीचे कपडे कसे हवेत ते मी टेबलाच्या पलीकडून बघत आले आहे. आवाज करणारं काही नको, कानात लोंबणारं काही नको, सारखं ओढून सावरावं लागेल असं तर मुळीच नको. मुलगा आला तर त्याने कॉलर नीट केली का एवढंच बघतात. मुलगी आली की डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरते आणि मग पहिला प्रश्न येतो. हा अन्याय आहे, कबूल. पण तू आधी आत शीर, मग आपण अन्यायाशी भांडू.

गडद पँट, पांढरा शर्ट, सपाट काळे बूट. केस घट्ट बांध. नखं काप. आणि वरून माझा मोतिया कोट. वेगळ्या पार्सलने पाठवतेय. पहिली केस जिंकले त्याच्या पैशातून शिवलाय तो. त्याला डाग पाडलास तर तुझी खैर नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मुलाखतीच्या आधी आठवडाभर गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. हसू नकोस. माझ्या लॉ कॉलेजच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी आमची गाय अडली होती. घरात माझेच हात लहान, मीच वासरू सोडवलं, हात धुतले, कपडे बदलले आणि गेले. खुर्चीत बसले मात्र, समोरच्या एक बाई उठल्या, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि खिडकी उघडली. मी मान खाली घालून उत्तरं दिली. ती खिडकी मी आजवर विसरले नाही, आणि तुझ्यासाठी कोणी खिडकी उघडलेली मला चालणार नाही. दादाला म्हणावं, आठवडाभर तुझं तू बघ. पार्सलमध्ये अत्तराची बाटलीही आहे. थेंबभरच लाव, आंघोळ करू नकोस त्याने.

तुझी,
आत्या

•

२० एप्रिल

आत्या,

कोट आला! काय कापड आहे गं! आईचा राग तो बघून निम्मा विरघळला. मोरपंखी ड्रेसवर ती अजून अडून आहे, पण कोट तिने स्वतःच घालून आरशात बघितला, हे मी लिहिलं असं तिला सांगू नकोस.

खांद्याला अगदी बरोबर बसतो. बाह्या तेवढ्या मनगटाशी घट्ट आहेत, बटणं लावली की वर सरकतच नाहीत. पण मुलाखतीत बाह्या वर करून मला काय करायचंय?

गोठ्यात जाणं बंद केलंय. बाबा नुसतं 'बरं' म्हणाले आणि दोन्ही बादल्या स्वतः उचलल्या. त्यांचं मनगट अजून दुखतं. मला खिडकीतून दिसतात, तर मी खिडकीशी उभीच राहत नाही. ढगीला माझा आवाज ऐकू गेला की हंबरते, म्हणून मी घरात हळू बोलते. आई म्हणते, पोरगी अत्तर लावायच्या आधीच साहेबीण झाली.

तुझी,
मुंगी

•

२९ एप्रिल

आत्या,

मुलाखत झाली. बरी झाली. तुझ्या कोटाला डाग पडलेला नाही.

मुंगी

•

१४ मे

अगं ए बाई,

हे काय पत्र आहे? यापेक्षा विजेचं बिल मोठं असतं. मी इथे रोज पेटी उघडून बघतेय आणि तू 'बरी झाली' म्हणून मोकळी!

पण आज तुला सगळं माफ. वहिनीचा आत्ताच फोन आला. यादीत नाव! मी ऑफिसातच ओरडले, तर शेजारच्या खोलीतून कारकून धावत आला, त्याला वाटलं पाल पडली अंगावर. आपल्या घरातली पहिली डॉक्टर, मग ती जनावरांची का असेना. जनावरं निदान उलट बोलत नाहीत, माझे अशील बोलतात.

आता कबूल कर, कोटाने काम केलं की नाही? काय विचारलं, कोण होतं समोर, तुझ्याकडे कसे बघत होते, मला सगळं सविस्तर हवंय.

आणि ढगी व्याली का? वासराचं नाव माझ्या कोटावरून 'मोती' ठेवा. तेवढा मान माझा.

तुझी फुशारलेली,
आत्या

•

१९ मे

धाकट्या ताई,

तुझं पत्र पोरीने वाचलं आणि उठून गेली. म्हणून मी लिहितो. मला लिहायची सवय नाही, समजून घे.

वासरू गेलं. मुलाखतीच्याच दिवशी सकाळी. पुढचा पाय मागे दुमडलेला होता, माझा हात आत जाईना, डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. कालवड होती. ढगी वाचली.

मी पोरीला हाक मारली होती. ती तयार होऊन निघाली होती, कोट घालून. मीच म्हणालो, जा, बस चुकेल. यात तिचा काही दोष नाही, तुझाही नाही. पण ती तेव्हापासून नीट जेवत नाही आणि गोठ्यात जाते तर ढगीकडे पाठ करून उभी राहते. यादीत नाव आल्यावर रडली. आम्हाला वाटलं आनंदाने.

तिला काही बोलू नकोस. कोट इस्त्री करून ठेवलाय.

दादा

•

२३ मे

मुंगे,

दादाने लिहिलं. मोतीचं ते वाक्य मी लिहिलं नसतं तर किती बरं झालं असतं! वाचताना तुला काय वाटलं असेल!

राग स्वतःवर काढू नकोस, माझ्यावर काढ. गोठ्यात जाऊ नको हे सांगणारी मी. घट्ट बाह्यांचा कोट पाठवणारी मी. दादाचं मनगट दुखतंय हे तू लिहिलं होतंस, ते मी वाचलं आणि पुढे गेले. मुलाखत जनावरांच्या कॉलेजातली, आणि मी तुला जनावरापासून लांब ठेवलं! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या उलटतपासण्या घेतेय, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही.

अजून एक सांगते, हे मला काल भांडी घासताना एकदम सुचलं आणि मी तशीच नळ सुरू ठेवून उभी राहिले. माझ्या मुलाखतीच्या दिवशी मी सोडवलेलं ते वासरू जगलं होतं. चांगलं धडधाकट, आम्ही त्याला 'वकील' म्हणायचो. आणि मलाही प्रवेश मिळालाच होता, खिडकी उघडूनसुद्धा! पण या सगळ्यातलं मला काय आठवत राहिलं, तर ती खिडकी. आणि तीच मी तुला दिली.

आता रडून झालं असेल तर जेव. सीट मिळाली आहे ती तुझ्या अकलेने मिळाली आहे. पुढे शेकडो वासरं तुझ्या हातून सुटतील.

तुझी,
आत्या

•

२८ मे

आत्या,

अकलेने नाही मिळाली. तुला सगळं सविस्तर हवं होतं ना, तर ऐक.

त्या सकाळी बाबांनी हाक मारली, 'माझा हात जात नाहीये, ये लवकर.' मी गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. ढगी आडवी पडलेली, डोळे पांढरे केलेले. बाबा गुडघ्यावर. त्यांनी वर बघितलं, कोट बघितला आणि म्हणाले, 'अरे हो, आज तुझं ते आहे. जा जा.'

आत्या, कोट काढायला कितीसा वेळ लागतो? दोन बटणं मनगटाची, दोन पुढची. मी एका बटणाला हात लावलासुद्धा. आणि मग मनात आलं, वास येईल. गेल्या वर्षी मी असंच वासरू सोडवलंय, आधी त्याला मागे ढकलायचं, मग खूर मुठीत झाकून पाय पुढे आणायचा, मला येतं ते. येत असून मी वळले. तू कोट पाठवलास, पण उंबऱ्यावरून वळले मी. हे तू तुझ्या अंगावर घेऊ नकोस, ते माझंच आहे.

मुलाखतीत तिघे होते. दोन सर आणि एक बाई. बाई सरळ कॉलेजच्या गोठ्यातून आलेल्या, पायात गमबूट, बाह्या कोपराच्या वर. मी बसले आणि एका सरांना शिंका सुरू झाल्या. तुझं अत्तर! बाईंनी उठून खिडकी उघडली. तुला हसू येईल, मला तेव्हा रडू येत होतं.

मग बाईंनी विचारलं, गाय अडली तर काय करशील? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'हे पुस्तकातलं की हातातलं?' मी म्हटलं, हातातलं. 'शेवटचं कधी केलंस?'

गेल्या वर्षी, एवढंच म्हणायचं होतं. खरं होतं, पुरेसं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ढगी होती आणि तोंडातून निघालं, 'आज सकाळी.' बाई पुढे सरकल्या. 'आज? आणि या कोटात?' मी म्हटलं, कोट नंतर घातला. 'वासरू कसं आहे?' मी म्हटलं, ठणठणीत.

त्या इतक्या छान हसल्या, आत्या! बाकीच्या दोघांना म्हणाल्या, 'बघा, ही सकाळी वासरू सोडवून आलीय.' त्यानंतर कोणी काही विचारलंच नाही. घरी आले तर बाबांनी वासरावर पोतं घातलं होतं.

म्हणजे जे मी केलं नाही, त्याचीच सीट मला मिळाली. घरी कोणाला माहीत नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझी पोरगी डॉक्टर होणार. मला ढगीच्या डोळ्यांत बघवत नाही आणि बाबांच्याही.

मी काय करू?

मुंगी

•

१ जून

मुंगे,

शांत डोक्याने वाच. काही करू नकोस. तुझा लेखी निकाल चांगला, तुझं ज्ञान खरं, गेल्या वर्षी तू ते काम केलेलं आहेस. फरक फक्त तारखेचा. तुला कोणी पुरावा मागितलेला नाही, आणि कोणाला कळणारही नाही. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून काहीबाही निघतं, मी रोज कोर्टात बघते. ज्या दिवशी तू पुढचं वासरू सोडवशील त्या दिवशी हे फिटलं असं समज.

घरी बोलू नकोस. दादाचं मन मोडेल.

आत्या

•

२ जून

मुंगे,

कालचं पत्र फाडून टाक. पेटीत टाकलं आणि लगेच परत घ्यावंसं वाटलं, पण पेटी काही पत्र परत देत नाही.

मी तुला पुन्हा तेच सांगितलं. वास येऊ देऊ नको म्हणून! कोटाच्या वेळी सांगितलं तसंच. माझी मलाच लाज वाटली. तुला जे बरोबर वाटतं ते कर. सीट गेली तरी मी तुझ्या बाजूने उभी राहीन, आणि दादाशी बोलायचं झालं तर मी बोलेन. कॉलेजात जायचं असेल तर थांब, मी सोबत येते.

आत्या

•

५ जून

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम मिळाली. पण मी कालच जाऊन आले.

आधी बाबांना सांगितलं. ते धार काढत होते. थांबले नाहीत, मान वर केली नाही, पण धारेचा आवाज बराच वेळ वेडावाकडा येत राहिला. मग म्हणाले, 'मग सांगून ये त्यांना. मी येऊ?' मी म्हटलं, नको.

कपडे बदलायचं लक्षातच राहिलं नाही. धारेच्या वेळचा जुना शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला, तशीच बसमध्ये चढले. शेजारची बाई जरा सरकून बसली. बसू दे, म्हटलं.

गमबूटवाल्या बाई नळावर हात धूत होत्या. मला ओळखलं नाही. मी सांगायला लागले, तेव्हा त्यांनी नळ बंद केला. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'कोट होता म्हणून?' मी म्हटलं, हो. खोटं बोलले त्यापेक्षा हे 'हो' म्हणणं जास्त जड गेलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, 'मी तुला त्या एका उत्तरावर घेतलं होतं. ते उत्तर काढलं तर तुला ठेवणं हा यादीतल्या पुढच्या मुलीवर अन्याय होतो.' मी म्हटलं, तिला घ्या. माझा आवाज फाटला, पण म्हटलं.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. 'पुढच्या वर्षी अर्ज कर. समोर मीच असेन आणि मला हे सगळं आठवत असेल.' हे चांगलं की वाईट, ते मला कळलं नाही. येताना बसमध्ये खूप रडले. सीट गेली म्हणून रडले, खोटं नाही सांगत. मला खूप हवी होती गं ती!

आई दोघींवरही चिडलीय, तुझ्यावर जरा जास्त. माझं ओझं कमी झालंय असं म्हणवत नाही. वासरू काही परत आलं नाही. पण काल रात्रीची वैरण मी ढगीला समोर उभं राहून घातली. तिने माझा शर्ट हुंगला आणि खायला लागली. तिच्या लेखी एवढंच.

कोट परत पाठवायचा होता, तर बाबा म्हणाले, राहू दे, चांगल्या कापडाचा काय दोष. धाकटी गाय, बुटकी, पुढच्या महिन्यात व्यायची आहे. पहिलटकरीण आहे, जपावं लागेल. मी तिथेच झोपणार आहे.

मुंगी

•

१० जून

मुंगे,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. अशील समोर बसलेला होता, त्याला म्हटलं, पाच मिनिटं बाहेर बसा. बिचाऱ्याला वाटलं त्याची केस हरली.

मी तुला शाब्बास म्हणणार नाही, तो हक्क मी घालवलाय. फक्त एवढं सांगते की तू एकटी जाऊन आलीस आणि मी सोबत नव्हते, हे मला लागलं.

दादाच्या घरी मी दर वर्षी येते. पुढच्या दाराने येते, बाहेरच्या खोलीत बसते, चहा पिते आणि कपडे सांभाळत परत जाते. मागच्या दाराने गोठ्यात गेलेली मला आठवतच नाही. दादाने एकदाही विचारलं नाही, की ताई, गाय बघायला येतेस का. त्याला माहीत होतं मी काय म्हणेन.

बुटकीच्या वेळी मी रजा काढून येऊ? दादाचं मनगट तसं, आणि तुझ्या हाताशी कोणीतरी हवं. हात माझेही अजून लहानच आहेत. कसं करायचं ते विसरले असेन, पण तू सांगितलंस तर करीन. भीती वाटते, लपवत नाही. पण यायचंय.

फक्त एक सांग. मी काय घालून येऊ? माझ्या कपाटात सगळे कोर्टाचेच कपडे आहेत.

आत्या

•

१४ जून

आत्या,

ये. बाबांनी तुझ्यासाठी जुने गमबूट धुऊन उन्हात ठेवलेत, आणि दिवसातून तीनदा विचारतात, ताईचं पत्र आलं का.

बाकी काहीही घाल. बाह्या तेवढ्या वर जायला हव्यात.

मुंगी